ऊडगेरू आमची कोण लागते?

'ही कविता नाही, ही घोषणाबाजी आहे.' हे वाक्य पहिल्यांदा कुठल्या भाषेत बोललं गेलं कुणास ठाऊक, पण ते सगळ्या भाषांत असतं. मराठीत ते आपल्या आधीच्या पिढीला ऐकवलं गेलं. वर्गात ऐकवलं, संमेलनाच्या मांडवात ऐकवलं, तोंडात पान धरून ऐकवलं. नुसता आक्रोश आहे म्हणाले, शिव्या आहेत म्हणाले, कलात्मक अंतर नाही म्हणाले. अंतर? ज्याच्या डोक्यावर मैल्याची पाटी आहे त्यानं मैल्यापासून कलात्मक अंतर कसं ठेवायचं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही.

हेच वाक्य १९६४ साली ऑस्ट्रेलियात एका आदिवासी बाईला ऐकवलं गेलं. तेव्हा तिचं नाव कॅथ वॉकर. वय त्रेचाळीस. दोन पोरांची आई, तेराव्या वर्षापासून गोऱ्यांच्या घरी केरवारे-भांडी केलेली. तिचं 'वुई आर गोइंग' हे पुस्तक ब्रिस्बेनच्या जॅकरँडा प्रेसनं काढलं. गोऱ्यांची गलबतं सिडनीला लागली १७८८ साली. तेव्हापासून १७६ वर्षं त्या देशात एकाही आदिवासीच्या नावावर कवितेचं पुस्तक नव्हतं. हे पहिलं. लोकांनी ते उचललं, पुन्हा पुन्हा छापावं लागलं. आणि समीक्षक म्हणाले, छे, ही कविता नाही, हा प्रचार आहे. काहींनी तर शंका काढली की आदिवासी बाईला असं लिहिता येईलच कसं, मागून कुणीतरी गोरा लिहून देत असणार. म्हणजे गंमत बघा : कविता वाईट आहे, आणि तरीही ती हिनं लिहिलेली असणं शक्य नाही!

आता तिनं काय केलं? आपल्यातले पुष्कळजण अशा वेळी घाबरून प्रतिमा शोधायला बसतात. दोन अंकांनंतर त्यांची कविता अशी काही गुंतागुंतीची होते की वस्तीतल्या पोराला ती कळत नाही आणि प्राध्यापकाला आवडते. ती असं काही करायला बसली नाही. ती म्हणाली, हो, प्रचारच आहे. घोषणेसारखी, हक्क मागणारी, साधी-सरळ अशीच माझी कविता आहे. आरोप उचलला आणि बिल्ल्यासारखा छातीवर लावला. तिला सभेत कविता वाचायची होती, आणि समोर जी माणसं बसणार होती त्यांची शाळा सरकारनं आधीच तोडलेली होती. ऐकणाऱ्याला शब्दकोश उघडावा लागला तर कविता फुकट गेली, एवढा साधा हिशोब.

मी काही तिची आरती ओवाळायला बसलो नाही. तिच्या बऱ्याच कविता यमक जुळवलेल्या, शाळेच्या क्रमिक पुस्तकातल्या पोवाड्याच्या चालीच्या आहेत. काही खरंच कच्च्या आहेत. पण पुस्तकाला जिचं नाव दिलंय ती कविता वाचा. तीत यमकबिमक काही नाही. एका टोळीची उरलीसुरली माणसं एका छोट्या गावात येतात, जिथं त्यांच्या पूर्वजांचं विधीचं मैदान होतं. गोऱ्यांनी त्याचा उकिरडा केलाय. माणसं काही बोलत नाहीत, आणि ज्यांची जमीन तीच आता परकी झालीत. बस. वाचून झाल्यावर मी पुस्तक उलटं ठेवलं आणि पाळीवर गेलो, दिवसभर तोंडातून शब्द निघाला नाही. आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ. ह्या बाईनं पुस्तकाचं नावच 'आम्ही चाललो' ठेवलं. आणि मग पुढची एकोणतीस वर्षं ती कुठंही गेली नाही, गोऱ्यांच्या छाताडावर पाय रोवून उभी राहिली.

ही बाई आली कुठून ते सांगतो. ब्रिस्बेनच्या समोर समुद्रात एक बेट आहे. नकाशावर त्याचं नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक, तिथल्या माणसांच्या तोंडात मिनजेरिबा. ३ नोव्हेंबर १९२० ला ती जन्मली, नूनुक्कल जमातीत. त्यांच्या कुळाचं चिन्ह अजगर. (आपण स्वतःला नागवंशी म्हणवतो, तेव्हा सोयरीक लावायला एवढं पुरे!) बाप टेड रस्का. बेटावर डनविच इथं म्हाताऱ्या-आजारी गोऱ्यांसाठी सरकारी आश्रम होता, तिथल्या आदिवासी मजुरांच्या टोळीचा तो मुकादम. काम गोऱ्या मजुराइतकंच, मजुरी मात्र त्याच्यापेक्षा कमी. १९३५ साली ह्या मजुरांनी संप केला, त्यात तिचा बाप होता. तिथल्या आदिवासी मजुरांना समान मजुरी मिळायला १९४४ साल उजाडावं लागलं. संप म्हणजे काय, हे तिनं पंधराव्या वर्षी घरात पाहिलं. पुढं जी 'घोषणाबाजी' म्हणून हिणवली गेली तिचं बाळकडू ते.

शाळेत ती डावरी. डाव्या हातानं लिहिलं की मास्तर बोटांवर मारायचा. उजव्या हातानं लिहायला लावलं. तेराव्या वर्षी शाळा संपली आणि ब्रिस्बेनला मोलकरीण म्हणून रवानगी झाली. ह्या क्वीन्सलँड राज्यात १८९७ सालापासून एक कायदा होता. नाव 'संरक्षणा'चं. त्या कायद्याखाली आदिवासीनं कुठं राहायचं, कुणाशी लग्न करायचं, मजुरीचे पैसे कुणाकडं जमा व्हायचे, हे सरकारी 'संरक्षक' ठरवायचा. मजुरी सरकारच्या खात्यात जायची आणि तिथंच मुरायची. ह्या बुडवलेल्या मजुरीचा दावा कोर्टात चालून २०१९ मध्ये क्वीन्सलँड सरकारला १९ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. ज्यांचे पैसे होते त्यातले किती तरी तोवर मातीत गेले होते.

१९४२ साली सिंगापूर पडलं, तिचे दोन भाऊ जपान्यांच्या कैदेत सापडले. ती बायकांच्या पलटणीत भरती झाली. तिथं पहिल्यांदा तिला माणसासारखं वागवलं गेलं, काम शिकवलं गेलं. लढाईनंतर लष्कराच्याच योजनेतून ती कारकुनीचं शिकली. आपल्याकडंही पलटणीच्या शाळेनंच आधी अक्षर दिलं. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरातून काय उगवलं ते सांगायला नको. देशासाठी मरायला जात आड येत नाही, मेलेल्याच्या भावाला पाणी द्यायला येते, हे तिनं तिच्या रंगाच्या भाषेत ओळखलं.

मग ती कम्युनिस्ट पार्टीत गेली. त्या काळी गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाला विरोध करणारा तोच पक्ष होता. पण काही काळानं बाहेर पडली. का? कारण कॉम्रेड तिची भाषणं लिहून द्यायला बघत होते. भाषण आमचं, तोंड तुझं! १९७४ साली पँथर फुटली तेव्हा भांडण मार्क्स की बुद्ध असं रंगवलं गेलं, आणि अजून आपण ते चघळतो आहोत. माझं मत असं की त्या भांडणाच्या तळाशी हाच प्रश्न होता : माईक कुणाच्या हातात? लाल भाईनं दिलेला कागद वाचायचा की स्वतःचा लिहायचा?

ह्यावरून कुणी असं समजू नका की तिनं सगळ्या गोऱ्यांना झटकून टाकलं. तिच्या पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकाकडं आलं तेव्हा ते वाचून शिफारस केली ती ज्युडिथ राइट ह्या नामांकित गोऱ्या कवयित्रीनं. दोघींची मैत्री जन्मभर टिकली. 'गोलपिठा'ला तेंडुलकरांची प्रस्तावना होती, तसंच काहीसं. दार आतून उघडणारा भला माणूस असतो, नाही असं नाही. पण दाराची कडी आतूनच का असावी, हे विचारायचं आपण सोडून देतो.

गोदीत काम करतो म्हणून आणखी एक मुद्दाम लिहितो. १९६६ साली वेव्ह हिल इथं गुरिंदजी आदिवासी गुराख्यांनी एका बड्या गोऱ्या मळेवाल्याविरुद्ध संप केला. कामगारांच्या ज्या युनियन त्यांच्या मागं उभ्या राहिल्या त्यात तिथल्या गोदी कामगारांची युनियन होती. नऊ वर्षं लागली, पण १९७५ साली सरकारला त्यांच्या जमिनीचा काही भाग परत द्यावा लागला. मालाची चढ-उतार करणाऱ्यांनी दूरच्या गुराख्याचं दुखणं आपलं मानलं. आपल्या धक्क्यावर अशी गोष्ट सांगितली तर मुकादम हसतो.

तर कॅथ वॉकर चळवळीत उतरली. आदिवासींच्या हक्कांसाठी देशभर एक संघटना काम करत होती, तिच्या क्वीन्सलँड शाखेची ती सचिव झाली. १९६३ साली शिष्टमंडळ घेऊन पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांना भेटायला गेले. साहेबांनी मोठ्या अगत्यानं दारूचा प्याला पुढं केला. ही म्हणाली, साहेब, माझ्या राज्यात आदिवासीला दारू दिल्याबद्दल तुम्हांला तुरुंगात टाकतील. देशाच्या पंतप्रधानाला स्वतःच्या देशातला कायदा माहीत नव्हता! ह्या एका प्याल्यात सगळं आलं. अडाणी आदिवासी असतो म्हणतात.

२७ मे १९६७ ला सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी 'होय' म्हटलं. तिकडंही पुष्कळांना वाटतं की ह्या सार्वमतानं आदिवासींना मताचा हक्क मिळाला. चूक. देशाच्या निवडणुकीतलं मत १९६२ सालीच मिळालं होतं आणि क्वीन्सलँड राज्यातलं १९६५ साली, सगळ्यात शेवटी. सार्वमतानं दोन गोष्टी झाल्या : शिरगणतीत आदिवासी धरायचे नाहीत असं घटनेत कलम होतं ते गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला मिळाला. १९६७ पर्यंत त्या देशाच्या घटनेत ही माणसं मोजायचीसुद्धा नव्हती. ह्या लढ्यासाठी ती गावोगाव फिरली, शेकडो सभा घेतल्या, तोंड फेसाळेपर्यंत बोलली.

आणि मग जिंकल्यावर काय दिसलं? दिसलं हे की आपल्याच संघटनेत गोऱ्या हितचिंतकांचा ताबा आहे. १९७० च्या ईस्टरला परिषदेत प्रश्न आला : ह्या संघटनेची सूत्रं आदिवासींच्या हातात द्यायची की नाही? ठराव पडला. ती बाहेर पडली, आणि नॅशनल ट्रायबल कौन्सिल नावाची फक्त आदिवासींची संघटना उभी राहिली, तिच्यात ती पुढं होती. ती संघटना फार टिकली नाही, हेही खरं. स्वतःच्या पायावर उभं राहिलं म्हणजे पाय लगेच मजबूत होतात असं नाही.

आता जे सांगतोय ते ह्या अंकाच्या वाचकांनी नीट वाचावं. तिचा थोरला पोरगा डेनिस. त्याला आईची चाल मऊ वाटली असावी. १९७१ संपता संपता, १९७२ उजाडता उजाडता त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी ब्रिस्बेनमध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली. अमेरिकेतल्या ऑकलंडच्या पँथरांकडं पाहून. त्याच १९७२ साली, त्याच अमेरिकेतल्या पँथरांकडं पाहून, मुंबईत दलित पँथर निघाली. ब्रिस्बेन आणि मुंबई. एकमेकांना पत्र नाही, तार नाही. पोलिसाचा दंडुका मात्र दोन्हीकडं सारखाच. आणि पुन्हा, १९७२ च्या २६ जानेवारीला, म्हणजे गोरे तिथं उतरले त्या दिवशी, कॅनबेराला पार्लमेंटसमोर चार आदिवासी पोरांनी छत्री रोवली आणि म्हणाले, ही आमची वकिलात. आमच्याच देशात आम्ही परदेशी, म्हणून वकिलात पाहिजे. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या सुमारास 'साधना'त राजा ढालेंनी काळ्या स्वातंत्र्यदिनाचा लेख लिहिला आणि सदाशिव पेठेची झोप उडाली. एकाच वर्षी दोन देशांतल्या पोरांनी आपापल्या देशाच्या वाढदिवसाला उपास धरला.

आपण त्या पोरांचा पत्ता तरी ठेवला का? नाही. ऑकलंडचे पँथर आपल्याला पाठ आहेत. ब्रिस्बेनचे माहीत नाहीत. आणि पँथरची आई तर त्याहून माहीत नाही. चळवळीला बाप शोधायची फार हौस. आई कविता लिहीत होती, भाकरी थापत होती आणि सभाही घेत होती, हे बाप शोधणाऱ्याला दिसत नाही.

सत्तरीच्या सुरुवातीला ती बेटावर परत गेली. मूंगल्बा नावाच्या जागी. थोडीशी जमीन, तीही भाडेपट्ट्यानं. ज्या बेटावर तिचे पूर्वज हजारो वर्षं राहिले तिथं ती भाडेकरू! राहायला एक गाडीघर. तिथं तिनं पोरांना बोलावलं, काळी-गोरी सगळी. तंबूत झोपायचं, मासे-शिंपले धरायचे, झाडं ओळखायची, रात्री गोष्टी ऐकायच्या. अशी २५ हजारांहून अधिक पोरं तिच्याकडं येऊन गेली. हे मला तिच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं. आपण परिसंवाद भरवतो, ठराव करतो, पाच जणांना हार घालतो. वस्तीतली पंचवीस पोरं एका झाडाखाली बसवणं आपल्याला जमत नाही.

१९७४ साली आफ्रिकेतल्या एका बैठकीहून परतताना तिचं विमान दुबईला अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं आणि ट्युनिसला नेलं. एका प्रवाशाला गोळी घालून मारलं. ह्या बाईनं विमानातली उलटीची कागदी पिशवी घेतली आणि बोथट पेन्सिलीनं तिच्यावर कविता लिहिली. बंदूकवाल्या पोरावरसुद्धा लिहिली. टॅलीच्या कागदाच्या पाठीवर लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आता पदकाची गोष्ट. १९७० साली तिला ब्रिटिश राणीचं एमबीई मिळालं. तिनं ते घेतलं. तेव्हा वाटलं असेल, ह्यानं दोन दारं उघडतील. सतरा वर्षं वाट बघितली. १९८८ साली गोरे आल्याला दोनशे वर्षं होणार होती, सगळा देश फटाके घेऊन तयार होता. १९८७ मध्ये तिनं पदक परत पाठवलं. आमच्या जमिनी घेतल्याचा, पोरं तोडल्याचा वाढदिवस तुम्ही साजरा करणार आणि तुमचं पदक मी मिरवायचं? आणि पदकाबरोबर नावही परत केलं. कॅथ वॉकर गेली, ऊडगेरू नूनुक्कल आली. ऊडगेरू म्हणजे एक झाड, ज्याची साल कागदासारखी पदर-पदर निघते. ज्यांच्या घरात कचरू, धोंडू, दगडू होऊन गेले आणि १९५६ नंतर ज्यांनी पोरांची नावं गौतम, राहुल, संघमित्रा ठेवली, त्यांना ह्यातलं सगळं न सांगता कळेल.

म्हणून पदक घेतल्याबद्दल तिला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. उपाशी माणसानं ताट ओढलं तर त्याला लाचार म्हणणारे सहसा जेवून आलेले असतात. सवाल घेतल्यानंतरचा आहे. आपल्याकडं पदकं, महामंडळं, समित्या, परदेश दौरे घेतलेले कमी नाहीत. पण सतराव्या वर्षी हिशोब मांडून 'हे तुमचं, हे घ्या परत' असं म्हणणारे किती, हे बोटांवर मोजू. एक हात पुरून उरेल.

१६ सप्टेंबर १९९३ ला ती गेली. त्यानंतर तिचं काय केलं बघा. क्वीन्सलँडच्या विधानसभेत २०१७ पासून एका मतदारसंघाचं नाव 'ऊडगेरू' आहे. २०१७, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा तिथून निवडून आला तो उजवा पक्ष. २०२३ च्या १४ ऑक्टोबरला पुन्हा सार्वमत झालं : आदिवासींना पार्लमेंटला सल्ला देणारी एक समिती घटनेत असावी का? फक्त सल्ला, बरं का. देशातल्या साठ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं, सहाही राज्यांनी 'नाही' म्हटलं. क्वीन्सलँडमध्ये 'नाही' ६८ टक्के. पुढच्या वर्षी तिथं त्याच उजव्या पक्षाचं सरकार आलं आणि आदिवासींशी करार करण्याच्या दिशेनं केलेला कायदा त्यानं रद्द करून टाकला. मतदारसंघाचं नाव ऊडगेरूच.

नावाला मी कमी लेखत नाही. नामांतरासाठी १९७८ साली मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली, आणि नाव लागायला १९९४ उजाडलं, तेही अर्धं जुनं ठेवून. नाव ही भीक नाही. पण नाव लावून माणूस पुरायची युक्ती त्यांना चांगली जमते, एवढं ध्यानात असू द्या. चौकात पुतळा, पुतळ्याच्या पायाशी कुंपण, कुंपणाला कुलूप, चावी महापालिकेत.

एक गोष्ट मात्र कुणाच्या चावीतली नाही. ४ जुलै २०११ ला कोर्ट बेटावर आलं, डनविचला बसलं, आणि बेटावरचा क्वान्डामूका लोकांचा मूळ हक्क मान्य केला. नूनुक्कल त्यातलेच. रेतीच्या खाणी २०१९ मध्ये थांबल्या. ज्या बेटावर ती भाडेकरू म्हणून राहिली तिथं आता तिच्या माणसांचं कायद्यानं काही आहे. पूर्ण नाही. काही.

आता घरचं. ह्या मासिकाचे मागचे सहा अंक काढून बसलो. कवितांची नावं वाचत गेलो. पुरुष, पुरुष, पुरुष, मग कुणाची तरी आई ह्या विषयावर पुरुषाची कविता, मग पुन्हा पुरुष. आईवर लिहिलेल्या कविता खंडीभर, आईनं लिहिलेली एक नाही. आणि वारली, भिल्ल, गोंड, कातकरी? त्यांच्यावर आपण मोर्चात घोषणा देतो. त्यांच्या पोरींच्या वह्या आपण मागितल्या नाहीत. ब्रिस्बेनच्या बाईला आमची म्हणायची घाई आणि डहाणूच्या बाईची ओळख नाही, हा धंदा चालणार नाही.

पुढच्या अंकापासून आठ पानं बाजूला ठेवली आहेत. बायकांनी पाठवावं, आदिवासी वस्त्यांतल्या पोरींनी तर आधी पाठवावं. वारलीत पाठवा, भिलोरीत पाठवा, गोंडीत पाठवा, आपण बोलता त्या मराठीत पाठवा. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा, इथं बसून आम्ही उतरवून घेऊ आणि छापण्याआधी तुम्हांला वाचून दाखवू. बसच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलेलं चालेल. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. कविता आहे की घोषणा आहे हेही तपासलं जाणार नाही. मजकूर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पोहोचावा, कारण छापखानेवाला उधारीवर दोन दिवससुद्धा थांबत नाही.